झेंड्यावरचा पोपट

खोली भाड्यानं देताना घरमालक पाण्याची वेळ सांगतात, गेट किती वाजता बंद होतं ते सांगतात, फार तर पाहुणे किती येणार याची चौकशी करतात. आमच्या मालकांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी मला थेट बाल्कनीच्या दाराशी नेलं आणि दारावर थाप मारून म्हणाले, "हे मार्च ते मे उघडायचं न्हाई."

"का?"

"बुलबुल असतोय."

बाहेर, गुंडाळून ठेवलेल्या केबलच्या वेटोळ्यात, मागच्या वर्षीचं घरटं होतं. मग कपडे कुठे वाळत घालायचे, असं मी विचारलं. "गच्चीवर घाला की. पण नवाच्या आत जाऊ नका. टाकीवर दयाळ गातोय. त्याचं झालं की तुमचं." एवढं बोलून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मी नोकरी कुठे करते, लग्न झालंय का, माणसं कुठली, हे त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, खाली चहा देताना विचारून घेतलं. मी चिपळूणची आणि राजारामपुरीतल्या एका टूर कंपनीत टेबलावर बसते, एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. मालकांनी मात्र तेव्हापासून मला 'टूरवाल्या' असंच नाव ठेवलं. कळंबा रस्त्यावरच्या त्या घरात मी तीन वर्षं राहिले, आणि मालकांच्या तोंडून माझं नाव मी एकदाही ऐकलं नाही.

त्यांना 'मालक' म्हणायचं कारण घर नव्हे. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत ते तीस वर्षं तपासनीस होते. साच्यातून निघालेलं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा तुकडा, निवलं, वाळू झाडून साफ केलं, की ते साखळीला टांगायचं आणि हातोडीनं हलका टकोरा मारून कान द्यायचा, हे त्यांचं काम. अखंड माल घणघणतो, आत चीर असेल तर बद्द वाजतो. एकदा त्यांनी आख्खा लॉट नुसत्या आवाजावर नाकारला. कारखान्याचा खरा मालक तावातावानं खाली आला, म्हणाला, डोळ्याला तर काही दिसत नाही. यांनी त्यातला एक तुकडा मधोमध कापायला लावला. चीर निघाली. खरा मालक वर निघून गेला आणि त्या दिवसापासून कामगार यांना मालक म्हणू लागले. ही हकिगत घरात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला ऐकावी लागे. मी ती गॅसवाल्याबरोबर उभी राहूनही ऐकली आहे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी तोच कान पक्ष्यांना लावला. कळंबा तलावावर रविवारी सकाळी पक्षी बघणाऱ्यांचा एक गट जमायचा. दोन बँकवाले, एक दातांचे डॉक्टर, कॉलेजातली चार-पाच मुलं. त्यात मालकांचा दरारा होता. सगळे दुर्बिणी लावून झाडी चाळत असताना मालक एकदम मान उजवीकडे वळवायचे आणि हात वर करायचे. म्हणजे गप्प बसा. मग त्यांचं बोट सावकाश एका फांदीकडे जायचं, आणि तिथं खरोखरच शिंजीर नाहीतर सुभग असायचा. "डोळ्यानं शोधू नका," ते मुलांना सांगायचे, "डोळा शेवटाला. आधी कान." मुलं हे वहीत लिहून घेत.

स्वभावानं ते हट्टी होते आणि आवाजानं मोठे. कुणाचंही बोलणं अर्ध्यावर तोडून आपलंच पुढं रेटायचे. दुसऱ्यानं दाखवलेला पक्षी त्यांना कधी धड पसंत पडत नसे. त्यात पिसाचा रंग फिका आहे, नाहीतर लहान पिल्लू आहे, असं काहीतरी निघायचंच. अक्का याच्या अगदी उलट. बुटक्या, कामाला वाघीण, बोलणं मोजकं. नेसरीच्याही पलीकडे, सीमेला लागून असलेल्या गावातल्या जैन शेतकरी घराण्यातल्या. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं हा त्यांचा नेम होता, आणि तो त्यांनी घरातल्या कुणावर लादला नव्हता. मालक आठ वाजता जेवायचे, अक्का तेव्हा समोर बसून त्यांना वाढायच्या. रविवारी त्याही तलावावर यायच्या. हातात चहाचा थर्मास, खांद्यावर पिशवी. त्या चहासाठीच येतात असं सगळ्या गटाला वाटायचं.

पक्षी शोधायची मालकांची एक खास पद्धत होती, आणि ती मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेली नाही. नव्या ठिकाणी जायचं झालं की ते नकाशा, पुस्तक, इंटरनेट काही बघायचे नाहीत. त्या गावातल्या दूध संस्थेच्या सेक्रेटरीला फोन करायचे. त्यामागचा विचार साधा होता. गावात सगळ्यात आधी उठतो तो दूध घेणारा. पहाटे चारला त्याच्याकडे सगळ्या वाड्यावस्त्यांवरची माणसं येतात, आणि येताना त्यांनी वाटेत काय पाहिलं ते त्याला आपोआप कळतं. बिद्रीच्या बाजूच्या एका गावात मालकांनी असाच फोन लावलेला मी ऐकला. आधी सेक्रेटरीचं आडनाव, मग त्याच्या आईचं माहेर, मग यंदाचा ऊस कधी तुटणार, आणि पंधरा मिनिटांनी, "बरं पावणं, तुमच्या तळ्यात लांब चोचीचं, गुलाबी बुडाचं काय उतरलंय काय?" सेक्रेटरीनं तिथल्या तिथं रांगेत उभ्या असलेल्या बायकांना विचारलं. उतरलं होतं. रविवारी आख्ख्या गटानं चित्रबलाक पाहिले, आणि वर सेक्रेटरीच्या घरी पोहे खाल्ले.

मालकांना ऐकू येत नाही, हे मला समजायला वर्ष लागलं.

शंका आली ती एका संध्याकाळी. गटानं त्या दिवशी मुद्दाम संध्याकाळची फेरी ठरवली होती, रातव्यासाठी. अक्का नेमाप्रमाणे जेवायला घरी थांबल्या होत्या. अंधारू लागलं आणि माळावरून रातवा बोलू लागला, चक-चक-चक, इतका स्पष्ट की मलासुद्धा कळला. मालक त्या वेळी दातांच्या डॉक्टरांना कास्टिंगची हकिगत सांगत होते. डॉक्टरांनी तोंडावर बोट ठेवलं. मालक थांबले, मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे वळवली, आणि म्हणाले, "काय न्हाई इथं. चला." रातवा बोलतच होता. मुलांना वाटलं, मालक त्यांची परीक्षा घेतायत.

पुढच्या रविवारी सकाळी मी पक्षी बघितले नाहीत, अक्कांकडे बघत राहिले. त्या मालकांच्या पाठीशी उभ्या होत्या. मालकांच्या गळ्यातल्या दुर्बिणीच्या पट्ट्याचा मागचा भाग अक्कांच्या दोन बोटांत होता. त्यांनी तो उजवीकडे एकदा ओढला. मालकांनी मान उजवीकडे वळवून हात वर केला. सगळे गप्प झाले. अक्कांनी पट्टा जरा वर उचलला, मालकांचं बोट वरच्या फांदीकडे गेलं. सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या, आणि अक्का थर्मासचं झाकण उघडू लागल्या.

घरी आल्यावर मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "अक्का, मालकांना ऐकू येत नाही ना?"

"बारीक येत न्हाई," त्या कणीक मळता मळता म्हणाल्या. "मोठं येतंय. भांडण येतंय."

"कधीपासून?"

"पोरगी नववीत होती तवापासनं. कारखान्यात दिवसभर लोखंड बडवायचं, आणि काय होणार."

"मशीन का नाही आणत?"

"आणलंय की. कपाटात हाय. ज्या माणसाचं कान बघायला मुंबईचं इंजिनेर यायचं, त्यो मशीन लावल व्हय?"

"आणि पक्षी तुम्हाला कुणी शिकवले?"

"कोण शिकवतंय. वळखू यायला लागलं. माणसं न्हाई का वळखू येत आवाजावरनं?" मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "नावं ह्यांनाच ठावं. मला आवाज ठावं." मी त्यांना विचारलं की तुम्ही कधी दुर्बिणीतून बघता का. त्या म्हणाल्या, दुर्बीण एकच आहे, आणि ती माझ्याकडे येईपर्यंत पाखरू कशाला थांबतंय. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मला मात्र त्या दिवशी मालकांचा राग आला, आणि तो पुढं कधी पुरता गेला नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांच्या मुलीनं फ्लोरिडाहून फोन केला. ती तिथं नवरा आणि लहान मुलीसोबत राहते. आईवडिलांनी यावं आणि सगळ्यांनी मिळून आठवडाभर कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझवर जावं, असा तिचा बेत होता. मालकांनी नाही म्हटलं. एवढं मोठं जहाज, त्यात पोहायचा तलाव, रोज रात्री नाच, हे सगळं मुलीनं कौतुकानं सांगितलं, आणि प्रत्येक गोष्टीगणिक मालक आणखी घट्ट होत गेले. त्या रात्री अक्कांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "त्या जहाजाच्या वाटंवर पाखरं असतील न्हवं एखाद्या गावात?" मुलीला बघून त्यांना सहा वर्षं झाली होती.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जहाजाचा मार्ग बघितला. चार बेटं होती. त्यातलं एक डॉमिनिका. त्या देशाच्या झेंड्यावर मधोमध एक पोपट आहे. हिरव्या पंखांचा, जांभळ्या पोटाचा, आणि हा पोपट त्या एका बेटाखेरीज जगात कुठंही नाही. तिथं तो सिसेरू या नावानं ओळखला जातो, आणि आता फार थोडे उरलेत. मी झेंड्याचं चित्र छापून घरी आणलं आणि मालकांसमोर ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"ज्यांनी झेंड्यावर पाखरू लावलंय," ते म्हणाले, "ती माणसं नीट असणार. जायाचं."

त्यानंतरचे दोन महिने माझं दुसरं काही काम चाललं नाही. जहाज त्या बेटावर सकाळी आठला लागणार आणि संध्याकाळी पाचला सुटणार. उतरलेल्यांनी साडेचारपर्यंत परत यायचं. जहाज कंपनीच्या स्वतःच्या सहली होत्या, पण त्यात धबधबा होता, गरम पाण्याचं कुंड होतं, रमचा कारखाना होता. पक्षी या नावाखाली फक्त एक बाग होती, तिथं पिंजऱ्यातले पोपट खांद्यावर घेऊन फोटो काढता यायचे. मालकांनी ते पान माझ्या हातातून घेऊन उलटं ठेवलं. बाहेरच्या दोन कंपन्या खरीखुरी पक्षी-सहल करत होत्या. एकीला किमान सहा माणसं लागत होती. दुसरी जंगलातून परत यायची ती सहाला, म्हणजे तोवर जहाज तासभर पुढं गेलेलं. मुलगी फोनवर सारखी सांगत होती की जहाजाचीच सहल घ्या. त्यांच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपण आपलं गेलो तर थांबत नाही.

"न्हाई थांबलं तर न्हाई थांबलं," मालक म्हणाले. "टूरवाल्या, तिथं दूध संस्था हाय काय बगा."

दूध संस्था नव्हती. मी तसं सांगितलं. त्यावर ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "मग तिथं पहाटं कोण उठतंय ते शोधा की."

पहाटे बेकरीवाले उठतात. डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाला असलेल्या एका बेकरीचा नंबर नकाशावर सापडला. तिथले पहाटेचे चार म्हणजे आपल्याकडचे दुपारचे दीड. मी दुपारच्या सुट्टीत घरी आले, फोन स्पीकरवर टाकला, आणि माझ्या इंग्रजीतून मालक बोलू लागले. पलीकडे एक बाई होत्या. मागून भट्टीची दारं आपटल्याचे आवाज येत होते. मी पोपटाचं विचारायला सुरुवात केली, तसं मालकांनी मला गप्प केलं. "आधी इचारा, भावंडं किती."

मी ओशाळत विचारलं. बाई हसल्या, म्हणाल्या पाच भाऊ.

"सासर त्याच गावात का?"

नाही, पलीकडच्या किनाऱ्याला. नवरा वारला, म्हणून माहेरी येऊन बेकरी घातली. मी हे मराठीत सांगितलं तसे मालक जरा गंभीर झाले. म्हणाले, "सांगा त्यास्नी, आमच्या थोरल्या बहिणीचंबी तसंच झालं. तिनं पिठाची गिरण चालवली." मी सांगितलं. त्यावर बाईच म्हणाल्या, तुम्हाला काय हवंय ते सांगा. तेव्हा कुठं आम्ही पोपटावर आलो. त्यांचा मधला भाऊ पावाची व्हॅन चालवत होता. रोज सकाळी तो जंगलाखालच्या शेवटच्या वस्तीपर्यंत पाव पोचवतो, आणि पोपटांचा आवाज त्याला जवळजवळ रोज ऐकू येतो. पाव टाकून झाले की साडेआठला तो बंदरावर येईल आणि चारच्या आत परत आणून सोडेल. बाईंनी भाड्याचं काही बोलू दिलं नाही. मालकांनी फोन ठेवायला लावला आणि विजयानं माझ्याकडे बघितलं. दोन महिने मी जे शोधत होते ते वीस मिनिटांत झालं होतं, हे मला मान्य करावं लागलं. त्यानंतर ते दर आठवड्याला त्या बाईंना फोन करायला लावायचे. पोपटाबद्दल एक प्रश्न, बाकी सगळी ख्यालीखुशाली.

निघायच्या तीन आठवडे आधी अक्कांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी चढायला सक्त मनाई केली. व्हॅनवाल्या भावानं सांगितलं होतं की रस्ता संपतो तिथं एक मोकळी जागा आहे. तिथूनही पोपट कधीकधी दिसतात. पण खात्रीचं बघायचं तर वर पाऊण तास चढून कड्यावर जायला हवं. वाट मुळांची आणि चिखलाची. मी बाईंना फोन करून विचारलं, खालच्या जागेत बसायला काही मिळेल का. त्या म्हणाल्या, बेकरीतली प्लॅस्टिकची खुर्ची व्हॅनमध्ये टाकून देते. मला ते फार बरं वाटलं. दोघं खाली बसतील, अक्का ऐकतील, पट्टा ओढतील, मालक बघतील. काही दिसलं तर दिसेल.

त्या संध्याकाळी मी हे सगळं मालकांना मोठ्यानं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "खुर्ची झ्याक झाली," ते म्हणाले. "ही बसंल खाली. मी त्या गड्यासंगं वर जातो."

"आणि वर ऐकणार कोण?" मी म्हणाले.

मी हे बोलायला नको होतं. अक्का तिथंच शेंगा निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. त्या घरात ही गोष्ट कुणी आजवर तोंडानं उच्चारलेली नव्हती. मला वाटलं, आता मालक खोली रिकामी करायला सांगणार.

"तेवढं मोठं पाखरू बघायला डोळं पुरतात," ते म्हणाले, आणि उठून आत गेले. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. अक्कांनी मात्र कुणाची बाजू घेतली नाही. खुर्चीला पाठ आहे का, एवढंच त्यांनी मला नंतर विचारलं.

ते गेले आणि महिन्याभरानं परत आले. मुलगी भेटली, नात भेटली, जहाजावर अक्कांनी जेवण सूर्यास्ताआधी वेगळं मागून घेतलं, आणि चौथ्या दिवशी वाढप्यानं ते न मागता आणून दिलं. डॉमिनिकाला मुलगी, जावई आणि नात जहाजाच्याच सहलीनं गेली, हे दोघं पावाच्या व्हॅननं. हे सगळं अक्कांकडून कळलं. मालकांनी सांगितलं ते एवढंच, की ते कड्यावर दोन तास उभे राहिले आणि पोपट दिसला नाही. व्हॅनवाला सारखा कानाकडे बोट दाखवून झाडीत इकडे तिकडे हात करत होता. ते जिथं बघायचे तिथं नुसती पानं. शेवटी तोच म्हणाला, उशीर होतोय, खाली चला. साडेतीनला ते बंदरावर होते. जहाज चुकलं नाही.

दुसरा कुणी हळहळला असता. मालकांनी निष्कर्ष काढला. पहिल्याच रविवारी, तलावाच्या काठावर, गटातल्या सगळ्यांसमोर त्यांनी जाहीर केलं, "त्या जंगलात त्यो पोपट उरल्याला न्हाई. मी सोता वर जाऊन खात्री केली. आता झेंड्यावरच हाय काय त्यो." दातांच्या डॉक्टरांनी चाचरत विचारलं की दोन तासांत असं कसं सांगता येईल. मालकांनी कास्टिंगच्या लॉटची हकिगत सांगितली. मुलांनी लिहून घेतलं. अक्का चहा ओतत होत्या.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या देशाच्या वनखात्याला पत्र लिहायचं त्यांनी ठरवलं. तुमच्या झेंड्यावरचा पक्षी तुमच्या जंगलात नाही, तरी योग्य ती दखल घ्यावी, असा मजकूर. त्यांनी मराठीत सांगितलं, मी ऑफिसात बसून इंग्रजीत टाइप केलं. जमेल तेवढं सौम्य केलं, पण मुद्दा बदलता येण्यासारखा नव्हता. कोल्हापूरचा एक निवृत्त तपासनीस एका देशाचा लॉट नाकारत होता. मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही येत होती. एवढ्या लांब जाऊन, ज्या एका गोष्टीसाठी गेले ती हुकली होती, आणि का हुकली हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

पत्र छापून मी सहीसाठी खाली गेले. संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. अक्का जेवायला बसल्या होत्या. मालक त्यांच्यापासून हातभर अंतरावर आरामखुर्चीत होते, गुडघ्यावर पाट घेऊन. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. इंग्रजी त्यांना सावकाश लागायचं. ओळीखाली बोट धरून ते वाचू लागले.

"काय लिवलंय त्यात?" अक्कांनी विचारलं. त्यांच्या नेहमीच्या, हळू आवाजात.

"तिथं पोपट नाही असं."

अक्कांनी घास खाल्ला, पाण्याचा घोट घेतला. "हाय की," त्या म्हणाल्या. "दोन हायत."

मी खाली त्यांच्या ताटासमोर बसले.

"हे वर गेलं आणि पाऊण तासानं पाखरं आली बगा," त्या म्हणाल्या. "आधी आवाज. पोरं जत्रंत पिपाणी वाजवत्यात तसला. मग समोरच्या झाडावर येऊन बसलं, दोघं. लांब न्हाई, ह्या भिंतीएवढं. वांगं असतंय न्हवं, तसलं पोट. काय तरी फळ खात होतं, आणि टरफलं माझ्या खुर्चीपुढं पडत होती. मला काय दुर्बीण लागली न्हाई."

"किती वेळ होते?"

"लई येळ. माझा चहा पिऊन झाला तरी होतं."

मी मालकांकडे बघितलं. ते दुसऱ्या परिच्छेदावर होते. मी आपोआप आवाज खाली आणला, खरं तर त्याची गरज नव्हती. "अक्का, तुम्ही हाक का नाही मारलीत? त्यांना नसती ऐकू गेली, पण तो व्हॅनवाला होता की बरोबर. त्याला गेली असती."

"गेली असती की," अक्का म्हणाल्या.

त्यांनी ताटातला भाकरीचा शेवटचा तुकडा आमटीत बुडवून खाल्ला, ताट बाजूला सारलं, आणि पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं जे ऐकलं ते ह्यांनाच दिलं. ह्यो एक ऱ्हाऊदे माझ्याकडं."

मालकांनी मान वर केली. आमच्या दोघींची तोंडं हलत होती ते त्यांना दिसलं असावं. "काय म्हणत्यात त्या?" त्यांनी अक्कांना विचारलं.

अक्का त्यांच्याकडे वळल्या आणि त्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "पत्र झ्याक झालंय म्हणत्यात."

"व्हायलाच पायजे," मालक म्हणाले, आणि माझ्याकडे पेन मागून त्यांनी खाली सही केली.